इंजिनिअरिंगच्या आधी उच्च गणित शिकून ठेवावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: शाळेची शेवटची वर्षं चालू आहेत, इंजिनिअरिंगला जायचं नक्की आहे, गणितात गुण चांगले मिळतात. नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचं गणित, म्हणजे संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन वगैरे, जादा विषय म्हणून आत्ताच घ्यावं का? की तो वेळ आहे त्याच अभ्यासाला द्यावा? शेवटी तू लिहिलं आहेस, "नाही घेतलं तर पहिल्याच वर्षी मागे पडेन का, याची भीती वाटते." ही भीती खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फिरत्या यंत्रांच्या कंपनांवर काम करते. पंप, टर्बाइन, मोठे पंखे का थरथरतात आणि ते कसं थांबवायचं, हे वीसेक वर्षं पाहते आहे. मधली काही वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणितही शिकवलं. त्यामुळे वर्गात गणित कुठे अडतं आणि पुढे कामावर कुठे लागतं, हे दोन्ही जवळून पाहिलं आहे.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट कर. तुला जिथे प्रवेश हवा आहे तिथल्या अटी नीट वाच. काही ठिकाणी हे वाढीव गणित सक्तीचं असतं, काही ठिकाणी ते असेल तर प्राधान्य मिळतं, तर बऱ्याच ठिकाणी त्याचा उल्लेखही नसतो. अट असेल तर घ्यायलाच हवं. अट नसेल तरच खालचं सगळं तुझ्या कामाचं.

माझं मत असं: तुझं आत्ताचं गणित हाताखालचं, म्हणजे न अडखळता जमणारं, असेल तर वाढीव गणित जरूर घे आणि मनापासून घे. ते हाताखालचं नसेल तर घेऊ नकोस. तोच वेळ बीजगणित, त्रिकोणमिती आणि साध्या कॅल्क्युलसवर घालव. पंचाईत अशी की आपलं गणित हाताखालचं आहे की नाही, हे गुणांवरून कळत नाही. परीक्षेत ठरावीक साच्याची उदाहरणं येतात, सरावाने ती सुटतात. तेच गणित वेगळ्या कपड्यांत समोर आलं की खरी परीक्षा होते.

पहिल्या वर्षी नापास झालेल्या मुलांचे पेपर मी बारकाईने बघत असे. इंटिग्रल बरोबर मांडलेलं असायचं, पद्धतही बरोबर निवडलेली असायची, आणि मग तिसऱ्या ओळीत दोन अपूर्णांकांची बेरीज चुकायची. दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे नुसती त्या दोन संख्यांची बेरीज, असं लिहिलेलं मी अक्षरशः ढिगाने पाहिलं आहे. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज, हेही तसंच. जे नवीन शिकवलं होतं ते बहुतेकांना कळलेलं असायचं. घात व्हायचा तो जुन्या गणितात. पेपरातली चूक तरी दिसते. न दिसणारं नुकसान वर्गात होतं. फळ्यावर शिक्षक एखाद्या यंत्रणेच्या स्थिरतेबद्दल बोलत असतात आणि विद्यार्थी मात्र पहिल्या ओळीतून दुसरी ओळ कशी आली यातच गुंतलेला असतो. तास संपतो तेव्हा वहीत सगळं उतरलेलं असतं, डोक्यात काहीच नसतं.

कामावरचा एक अनुभव सांगते. एका पंपाखालचा लोखंडी सांगाडा जोरात थरथरत होता. पंप मिनिटाला १५०० फेरे घेत होता, म्हणजे सेकंदाला २५. सांगाड्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर तो आपोआप सेकंदाला किती वेळा हलतो ते, मोजली तर २४ हर्ट्झ आली. दोन आकडे इतके जवळ, म्हणून थरथर. माझ्याबरोबरचा नवा इंजिनिअर उच्च गणितात खरोखर हुशार होता. तो म्हणाला, सांगाड्याची ताठरता दहा टक्क्यांनी वाढवू, वारंवारता २६.४ वर जाईल आणि काम होईल. पण वारंवारता ताठरतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. ताठरता दहा टक्के वाढली तर वारंवारता जेमतेम पाच टक्के वाढणार, म्हणजे २५.२. आम्ही सांगाडा नेमका पंपाच्या वेगावर नेऊन बसवला असता! सूत्र त्याला पाठ होतं. वर्गमूळ घेतल्यावर टक्केवारी साधारण निम्मी होते, ही जाण मात्र हातात मुरलेली नव्हती.

याहून कितीतरी गंभीर उदाहरण १९९१ सालचं आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातल्या दहरान इथे पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होतं. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, जसा आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश संपत नाही. यंत्रात तो २४ बिटांवर तोडला होता. दर टिकेला (घड्याळाच्या एका ठोक्याला) चूक किती, तर ०.०००००००९५ सेकंदाच्या आसपास. यंत्रणा १०० तास सलग चालू होती, म्हणजे ३६ लाख टिका. गुणाकार केला की सुमारे ०.३४ सेकंद येतात आणि तेवढ्या वेळात असं क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यात शाळेबाहेरचं गणित कुठेही नाही.

तर आधी स्वतःला तपास. खालचे पाच प्रश्न कॅल्क्युलेटरवर आलेख न काढता आणि पुस्तक न उघडता चाळीस मिनिटांत सोडव. कोरा कागद घे, घड्याळ लाव. (१) लोलकाचा आवर्तकाल म्हणजे दोन पाय (π) गुणिले, लांबीला गुरुत्वत्वरणाने भागून घेतलेलं वर्गमूळ. यातून लांबीचं सूत्र काढ आणि आवर्तकाल २ सेकंद असेल तर लांबी किती ते सांग. (२) ३ कोसाइन थीटा अधिक ४ साइन थीटा, याची जास्तीत जास्त किंमत किती आणि ती कोणत्या कोनाला मिळते? (३) रोध आणि कपॅसिटरच्या साध्या मंडलात कपॅसिटर ९० टक्के भरायला किती कालांक (टाइम कॉन्स्टंट) लागतात? (४) क्षचा वर्ग गुणिले ईचा उणे तीन क्ष घात, या फलाची क्ष धन असतानाची सर्वांत मोठी किंमत कुठे येते? (५) त्याच फलाचा आलेख हाताने काढ, क्ष ऋण असतानाही. उत्तरं शेवटी दिली आहेत, पण आधी पाहू नकोस.

दोनपेक्षा जास्त ठिकाणी अडलीस तर वाढीव गणिताचा विचार सध्या बाजूला ठेव. त्यात कमीपणा काही नाही. पुढचे चार-सहा महिने रोज तासभर जुनंच गणित घोटलंस तर पहिल्या वर्षी वाढीव विषय घेऊन आलेल्या कितीतरी मुलांपेक्षा तू निवांत असशील, हे मी खात्रीने सांगते. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सहसा संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स अगदी मुळापासून शिकवतो. फक्त वेग जास्त असतो, आणि तो वेग पेलायला जुनं गणित हातात लागतं.

पाचही नीट सुटले, किंवा एखादाच चुकला आणि चूक कुठे झाली ते तुझं तुलाच सापडलं, तर वाढीव गणित घे. काय काय शिकायला मिळेल आणि त्याचा पुढे उपयोग काय, तेही सांगते. कारण हे विषय नुसते 'पुढच्या वर्षाचे धडे' म्हणून शिकले तर कोरडे वाटतात.

संमिश्र संख्यांपासून सुरुवात कर. उणे एकचं वर्गमूळ ही कल्पना पहिल्यांदा खटकते, आणि खटकायलाच हवी. पण तिचा खरा अर्थ आहे फिरवणं: एखाद्या संख्येला त्या वर्गमूळाने गुणलं की ती ९० अंशांत वळते. दोनदा गुणलं की १८० अंश, म्हणजे उलटं चिन्ह. बस, एवढंच. आता प्रत्यावर्ती विद्युत मंडल घे. ३ ओहमचा रोध आणि त्याच्या पुढे ४ ओहम प्रतिघात (रिॲक्टन्स) असलेली कॉइल. रोधावरचा व्होल्टेज प्रवाहाबरोबर चालतो, कॉइलवरचा ९० अंश पुढे. दोन्हींची बेरीज त्रिकोणमितीने करायला गेलीस तर अर्धं पान लागेल. संमिश्र संख्येत ती नुसती 'तीन अधिक चार जे'. तिची लांबी ५, कोन सुमारे ५३ अंश. संपलं. (विद्युत अभियंते 'आय'ऐवजी 'जे' लिहितात, कारण 'आय' हे अक्षर प्रवाहासाठी आधीच वापरात आहे.) १८९३ साली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी ही पद्धत मांडली आणि प्रत्यावर्ती प्रवाहाची अवघड समीकरणं साध्या बीजगणितात आली. तपासणीतला दुसरा प्रश्न पुन्हा बघ. तिथेही तेच तीन, चार, पाच आहेत. हे नातं तुझं तुला दिसलं की संमिश्र संख्या कळल्या म्हणून समज.

मॅट्रिक्स शाळेत फार वाईट शिकवले जातात. आकड्यांचा चौकोन, त्याचा गुणाकार कसा करायचा, निश्चयक (डिटर्मिनंट) कसा काढायचा, असा सगळा हाताचा व्यायाम. इंजिनिअरला खरं विचारायचं असतं ते असं: ही इतकी समीकरणं एकत्र सुटतील का, आणि नाही सुटली तर त्याचा अर्थ काय? सळ्या जोडून केलेली कैची (ट्रस) घे. प्रत्येक सांध्यावर बलांची दोन समीकरणं लिहिता येतात, म्हणून २० सांधे असतील तर ४० समीकरणं. ती संगणक सोडवतो. पण कधीकधी संगणक 'मॅट्रिक्स सिंग्युलर आहे' असं सांगून थांबतो. नवखा माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. ज्याला मॅट्रिक्सचा अर्थ कळला आहे तो आधी आधार तपासतो: कुठलातरी आधार द्यायचा राहिला आहे, वस्तू हवेत मोकळी आहे, म्हणूनच तिची जागा ठरत नाही. निश्चयक शून्य येणं म्हणजे प्रत्यक्षात ढाचा हलायला मोकळा असणं. हे मी अनेक कार्यालयांत, अनुभवी म्हणवणाऱ्या लोकांच्याही टेबलावर पाहिलं आहे.

त्याच्या पुढची पायरी आयगेन व्हॅल्यूंची, आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय. दोन भिंतींच्या मध्ये दोन सारखी वजनं ठेव: भिंत, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, वजन, स्प्रिंग, भिंत. तिन्ही स्प्रिंगा सारख्या. ही वजनं कशीही हलवली तरी त्यांची हालचाल दोनच मूळ हालचालींची बेरीज असते. एकीत दोन्ही वजनं बरोबरीने एकाच दिशेला जातात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. दुसरीत ती एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि मधल्या स्प्रिंगेला दोन्हीकडून ओढ बसते. दुसऱ्या हालचालीची वारंवारता पहिलीच्या वर्गमूळ तीन पट, म्हणजे सुमारे १.७३ पट. दोन ओळींच्या मॅट्रिक्समधून हे सगळं बाहेर पडतं: या वारंवारतांचे वर्ग म्हणजेच त्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू. टर्बाइनच्या रोटरमध्ये दोनाऐवजी हजारो वजनं असतात, विचार हाच. हे एकदा हाताने करून बघितलेल्या विद्यार्थ्याला पुढे सॉफ्टवेअरने दिलेल्या पन्नास वारंवारतांची यादी घाबरवत नाही.

डिफरन्शियल इक्वेशनबद्दल एकच सांगायचं आहे: ती सोडवण्याच्या युक्त्या कमी शीक, प्रत्येक पद काय बोलतं ते जास्त शीक. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक मंदनाचा (डॅम्पिंगचा, म्हणजे हालचाल विझवणाऱ्या विरोधाचा) गुणांक गुणिले वेग, अधिक ताठरता गुणिले विस्थापन, बरोबर बाहेरून लावलेलं बल. हे एक समीकरण नीट समजलं तर गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर, इमारतीचं हलणं आणि विद्युत मंडल अशी तीन कामं होतात. मंडलात वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स येतो, मंदनाच्या जागी रोध.

या समीकरणातल्या मधल्या पदाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याची गोष्ट टॅकोमा नॅरोज पुलाची आहे. अमेरिकेतला ८५३ मीटरच्या मुख्य गाळ्याचा हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी सुरू झाला आणि ७ नोव्हेंबरला ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पीळ खात कोसळला. वाऱ्याच्या झोतांची वारंवारता पुलाच्या वारंवारतेशी जुळली आणि अनुनादाने (रेझोनन्सने) तो पडला, असं कित्येक ठिकाणी शिकवतात. पण वारा काही ठरावीक ठेक्याने ढकलत नव्हता. पूल पिळला की वाऱ्याचं बलही त्या पिळाबरोबर बदलायचं आणि प्रत्येक फेरीत हालचालीला थोडी ऊर्जा देऊन जायचं. म्हणजे मंदनाच्या गुणांकाचं चिन्हच उलटं झालं. मधलं पद धन असेल तर हालचाल विझत जाते, ऋण असेल तर वाढत जाते. या चिन्हाचा अर्थ समजायला फार अवघड गणित लागत नाही, पण डिफरन्शियल इक्वेशन निदान वाचता यावं लागतं.

बाकी हायपरबोलिक फलं, ध्रुवीय सहनिर्देशक, अनंत श्रेणी हे सगळं लागेल तेव्हा शिकता येतं. श्रेणींमधला एक मात्र आत्ताच कर: लहान कोनासाठी साइन थीटा जवळपास थीटाइतका का असतो आणि ही जवळीक कधी तुटते. इंजिनिअर दिवसातून दहादा याचा आधार घेतात.

शाखेप्रमाणे गरज बदलते. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, नियंत्रण किंवा विमानविद्येकडे जाणार असशील तर वाढीव गणित घेण्याकडेच माझा कल राहील, कारण तिथे दुसऱ्या वर्षापासून फूरिए आणि लाप्लास यांच्या गणिती पद्धती रोजच्या होतात. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकलला उपयोग नक्की होतो, पण पदार्थविज्ञान कच्चं ठेवून नको. कॉम्प्युटरची वाट वेगळी आहे. तिथे तर्कशास्त्र, मोजणीच्या पद्धती, ग्राफ आणि संभाव्यता आधी लागतात. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली पुस्तकरूपाने सविस्तर मांडलेलं तर्काचं बीजगणित विद्युत स्विचांना लागू पडतं, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली विद्यार्थी असतानाच्या प्रबंधात दाखवलं, आणि आजचं डिजिटल तंत्र त्या पायावर उभं आहे. आणि संख्याशास्त्र? ते सगळ्याच शाखांना लागतं आणि सगळीकडेच सावत्र वागणूक सोसतं. मोजमापात चूक किती धरायची हे न कळणारा इंजिनिअर मला धोकादायक वाटतो.

वाढीव गणित घेतलंस तर एका गोष्टीपासून सांभाळ. पहिल्या वर्षाचे पहिले काही आठवडे ओळखीचेच धडे येतात. 'हे मला येतं' म्हणून तासाला लक्ष उडतं, गृहपाठ टळतो. मग कधीतरी नवं प्रकरण सुरू होतं आणि तोवर अभ्यासाची सवय मोडलेली असते. चांगली तयारी करून आलेल्या मुली-मुलांना सहाव्या-सातव्या आठवड्यात गोंधळलेलं पाहून मला फार वाईट वाटायचं. त्या सोप्या आठवड्यांत पुस्तकातली सगळ्यात अवघड उदाहरणं सोडवायला घे.

शिकण्याची रीत म्हणशील तर व्हिडिओ पाहून गणित येत नाही, हात चालला तरच येतं. एक उदाहरण अर्धा तास अडलं तरी उत्तर उघडू नकोस. सोबत थोडं प्रोग्रॅमिंग घे. एक प्रयोग सुचवते. गरम पाण्याचं भांडं ८५ अंशांवर आहे, खोली २५ अंशांवर, म्हणजे फरक ६०. हा फरक दर मिनिटाला स्वतःच्या एक दशांश या दराने कमी होतो. एक मिनिटाच्या पावलाने दहा मिनिटं पुढे चाल: दर पावलाला ०.९ ने गुणत गेलं की फरक सुमारे २०.९ अंश उरतो. घातांकी सूत्राने नेमकं उत्तर २२.१ येतं. पाऊल अर्ध्या मिनिटाचं केलंस तर फट कमी होईल. आता मुद्दाम २५ मिनिटांचं पाऊल घे. गुणक उणे दीड होईल आणि संगणक सांगेल की पाणी खोलीपेक्षाही थंड झालं, मग आधीपेक्षा जास्त तापलं, मग आणखी थंड. पाणी तेच, समीकरण तेच, चुकलं ते फक्त पाऊल. हे एका संध्याकाळी स्वतः करून पाहिलंस तर डिफरन्शियल इक्वेशन, अंकीय पद्धती आणि संगणकाच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतील.

जादा विषयामुळे पदार्थविज्ञानाचे किंवा नेहमीच्या गणिताचे गुण घसरणार असतील तर तो अधिकृत विषय म्हणून घेऊ नकोस. संमिश्र संख्या आणि दोन बाय दोनचे मॅट्रिक्स एवढंच सुट्टीत स्वतः कर. तुझ्याकडे हा विषय शिकवणारं कोणी नसेल तरीही हेच. आणि तुझ्या भीतीबद्दल: वाढीव गणित न घेतलेले, पण नीट पायावर उभे असलेले विद्यार्थी पहिल्या वर्षात मागे पडलेले मला क्वचितच दिसले.

तपासणीची उत्तरं. पहिलं: लांबी म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले आवर्तकालाचा वर्ग, भागिले चार पाय वर्ग, २ सेकंदांसाठी सुमारे ९९ सेंटिमीटर. दुसरं: ५, सुमारे ५३.१ अंशांना. तिसरं: १० चा नैसर्गिक लॉग, म्हणजे सुमारे २.३ कालांक. चौथं: क्ष बरोबर दोन तृतीयांश. पाचवं: आलेख शून्यावर अक्षाला टेकून वर चढतो, दोन तृतीयांशाला माथा गाठतो आणि उजवीकडे हळूहळू अक्षाला भिडत जातो, डावीकडे मात्र झपाट्याने वर जातो. डावी बाजू बरोबर आली का आणि एकूण किती मिनिटं लागली, ते मला कळव.